इंजिनाचा श्वास

हिवाळ्यातील एखाद्या रविवारी सकाळी कलकत्त्यात जुन्या मोटारींचा मेळा भरतो. ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६० नंतरच्या दशकात सुरू केलेला हा उपक्रम आता त्या नगरीच्या सणावारांपैकीच एक होऊन बसला आहे. पितळी दिवे, तारांची चाके, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली बॉनेटे आणि त्यांच्याभोवती हौसेने जमलेली आबालवृद्धांची गर्दी! लोक गाडीचा रंग न्याहाळतात, तिचे वय विचारतात, आणि मालकाने बॉनेट उचललेच तर आतील झगमगत्या झाकणांत आपला चेहरा पाहून घेतात. परंतु इंजिनाच्या कुशीतून निघून वरच्या बाजूस गेलेली, अंगठ्याएवढी जाड, काळी रबरी नळी मात्र कोणाच्याही नजरेत भरत नाही. तिला चकाकी नाही, तिच्यावर कोणा कारखान्याची मुद्रा नाही, आणि ती विकत घ्यावयाची म्हटले तर फारसा खर्चही नाही. असे असूनही जुन्या मोटारींच्या पुष्कळशा दुखण्यांचे मूळ याच उपेक्षित नळीत दडलेले असते. ही नळी म्हणजे इंजिनाची श्वासनळी होय.

निर्जीव लोखंडाला श्वास कसला, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर इंजिनाच्या पोटात आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते आणि त्या ज्वालेच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो. दट्ट्याभोवती पोलादी रिंगा असतात. वरचा वायू खाली जाऊ न देणे हे त्यांचे काम. परंतु हे काम त्या कितीही निष्ठेने करीत असल्या, तरी थोडासा वायू त्यांना चुकवून खालच्या तेलाच्या पेटीत उतरतोच. नव्या इंजिनात तो थोडा उतरतो, झिजलेल्या इंजिनात अधिक, पण उतरत नाही असे इंजिन अद्याप बनलेले नाही. या निसटत्या वायूत न जळलेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते, काजळी असते, आणि धातूला चावणारी आम्लेही असतात. त्याला बाहेर पडण्यास वाट दिली नाही, तर तो पेटीत कोंडतो. कोंडलेला दाब मग स्वतःच वाट शोधतो. कोठे एखादे गॅस्केट भेदून, कोठे तेल मोजण्याची पट्टी वर उचलून, तर कोठे दंडाच्या मागच्या टोकाकडून, असा तो बाहेर पडतो, आणि जाताना तेल बरोबर घेऊन जातो.

पूर्वीच्या यंत्रकारांनी यावर मोठा सरळ उपाय योजला होता. इंजिनाच्या बाजूस एक नळी बसवावयाची आणि तिचे तोंड गाडीच्या पोटाखाली रस्त्याकडे सोडून द्यावयाचे. गाडी धावू लागली की खालून वाहणारा वारा त्या तोंडातील वायू ओढून घेई. उपाय स्वस्त होता आणि चालत्या गाडीत बरा चालतही होता. परंतु गाडी उभी राहिली की वारा थांबे आणि इंजिनाचा उच्छ्वास तेथल्या तेथेच घुटमळत राही. शिवाय या नळीतून तेलाचे थेंब गळत, आणि जुन्या काळच्या रस्त्यांवर प्रत्येक ओळीच्या मधोमध जो काळपट चिकट पट्टा दिसे, त्याला अशा असंख्य नळ्यांचा हातभार असे. ‘घर आपले झाडावे आणि केर गल्लीत टाकावा’ अशातलाच हा प्रकार होता. पण गल्लीत केर टाकणारे सगळेच असले म्हणजे तो दोष कोणालाच दिसत नाही.

हा दोष प्रथम ठळकपणे दिसला तो अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात. तेथील आकाशावर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एक विचित्र धुरके पसरू लागले. डोळे चुरचुरत, पिकांची पाने करपत, आणि नव्या रबराला अकाली चिरा पडत. मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या गूढाचा उलगडा केला. मोटारींतून निघणारी न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची संयुगे यांवर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो, आणि या धुरक्यातील दाहकता त्यापासूनच येते, असे त्यांनी दाखवून दिले. हवेतील ओझोनचा अंदाज घेण्यासाठी वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात चीर पडते, हे त्या काळी पाहिले जाई. मोटारींच्या वायूची मोजदाद करता असे आढळले, की न जळलेल्या इंधनाच्या वाफेपैकी सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नाही. तो येतो इंजिनाच्या पोटाखालच्या या श्वासनळीतून. त्यावर सापडलेला इलाज निबंध लिहून सांगावा इतका अवघड नव्हता. नळीचे रस्त्याकडचे तोंड काढावयाचे आणि ते इंजिनाच्याच हवा ओढण्याच्या मार्गाला जोडावयाचे. म्हणजे इंजिनाने आपला उच्छ्वास पुन्हा आपणच घ्यावयाचा आणि जाळून टाकावयाचा. कॅलिफोर्नियात १९६१ सालच्या गाड्यांपासून आणि साऱ्या अमेरिकेत १९६३ सालच्या गाड्यांपासून ही व्यवस्था आली. मोटारीच्या धुरावर घातलेला हा पहिला लगाम होता.

कलकत्त्याला धुराचा प्रश्न मात्र लॉस एंजेलिसकडून शिकावा लागला नाही. हुगळीच्या दोन्ही तीरांवरील गिरण्या, आगबोटी आणि घरोघरच्या कोळशाच्या चुली यांच्या धुराने हे शहर फार पूर्वीच गुदमरू लागले होते. धुराच्या उपद्रवासाठी येथे १८६३ मध्येच कायदा झाला, आणि १९०५ मध्ये त्याहून व्यापक असा बंगालचा धूम्रविषयक कायदा आला. धूर हा केवळ काढणाऱ्याचा खासगी व्यवहार नसून शेजाऱ्याच्याही हिताचा प्रश्न आहे, ही जाणीव या शहराच्या कायद्यात मोटार येण्यापूर्वीपासून आहे.

आता या साऱ्याचा जुन्या स्पोर्ट्स मोटारीशी आणि कलकत्त्याच्या मिस्त्रींशी संबंध काय, ते पाहू. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे बनलेल्या ‘एमजी’ या दोन आसनी गाड्या जगभरच्या शौकिनांच्या लाडक्या. त्यांपैकी १९५५ मध्ये आलेली एमजीए आणि १९६२ पासून १९८० पर्यंत बनत राहिलेली एमजीबी या दोन विशेष प्रसिद्ध. एमजीबी तर पाच लाखांहून अधिक बनल्या. बाह्यरूपाने या गाड्या म्हणजे वेगाची आणि ऐटीची मूर्ती. परंतु बॉनेट उचलताच कलकत्त्याच्या वयस्क मिस्त्रीच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटते. कारण ज्या घराण्यातील इंजिन एमजीत आहे, त्याच घराण्यातील इंजिन हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला बनलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये होते. ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेचे हे इंजिन. अ‍ॅम्बॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीची हिंदुस्थानी आवृत्ती; तिच्यात दीर्घ काळ बसविले गेलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि पहिल्या एमजीएचे इंजिन ही सख्खी भावंडेच. एमजीबीचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन त्यांचा थोरला भाऊ. एक भाऊ परदेशात शर्यती धावत राहिला, दुसरा हावड्याच्या पुलावरून पिवळी टॅक्सी ओढीत राहिला, एवढाच काय तो फरक. त्यामुळे ज्याने उभ्या आयुष्यात एमजी पाहिली नाही, अशा टॅक्सीच्या मिस्त्रीलाही तिच्या इंजिनाची नाडी कळते.

एक उदाहरण घेऊ. त्यातील माणसे कल्पित आहेत, बिघाड मात्र खरोखरीच होणारे आहेत. बंगाल-नागपूर रेल्वेच्या दिवसांपासून नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे कलकत्त्यास येऊन स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबात वडिलांनी विलायतेहून परतताना आणलेली एमजीबी आहे असे समजावे. ती १९६४ सालच्या मध्यास बनलेली. दक्षिण कलकत्त्यातील एका जुन्या घराच्या आवारात ती उभी असते. हिवाळ्यात मेळ्यापुरती आणि एरवी रविवारी सकाळी घटकाभर बाहेर निघते. वडील गेल्यावर गाडी मुलाकडे आली. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आले, की गाडी उभी असते तेथे, इंजिन आणि गिअरपेटी यांच्या सांध्याखाली, तेलाचे थेंब पडू लागले आहेत. गाडी चालवताना जळक्या तेलाचा वास येतो. तेल मोजण्याची पट्टी सकाळी नीट खोचून ठेवावी, तर परतल्यावर ती बोटभर वर आलेली दिसते.

त्याने दोन ठिकाणी विचारले. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळाले: इंजिन म्हातारे झाले, रिंगा गेल्या, खाली उतरवून उघडावे लागेल, सिलिंडर घासून नवे दट्टे घालावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकून त्या गृहस्थाच्या मनात गाडी विकण्याचा विचार येऊन गेला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला एका वृद्ध मिस्त्रीकडे पाठवले. मिस्त्रीचा सारा जन्म अ‍ॅम्बॅसॅडर टॅक्सींखाली गेलेला.

‘‘चाचा, इंजिन उघडावे लागणार म्हणतात,’’ गृहस्थ म्हणाला.

‘‘उघडू की, बाबू. पण आधी त्याला श्वास घेता येतो का ते तरी पाहू. माणसाला धाप लागली तर डॉक्टर आधी छाती चिरतो, का नाक मोकळे आहे ते पाहतो?’’

मिस्त्रीने इंजिन गरम होईपर्यंत चालवले आणि मंद गतीवर सोडले. मग इंजिनावरचे तेल ओतण्याचे झाकण काढले आणि कान देऊन तो उभा राहिला. १९६४ च्या आरंभापासून एमजीबीत बंदिस्त श्वसनाची व्यवस्था आली होती. इंजिनाच्या बाजूच्या झाकणातून निघालेली नळी एका लहानशा झडपेमार्फत हवेच्या नळकांड्याला जोडलेली असे, आणि ताजी हवा तेलाच्या झाकणातील बारीक गाळणीतून आत येई. ही झडप नीट काम करीत असेल, तर मंद गतीवर झाकण काढताच इंजिनाची गती मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांनी वाढते, आणि ती वाढ कानाला सहज कळते. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात दिलेली परीक्षा हीच, आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. येथे झाकण काढले तरी इंजिनाचा स्वर जरासुद्धा बदलला नाही. मिस्त्रीने तळहात भोकावर आडवा धरला. निरोगी इंजिन तळहात हलकेच ओढून घेते. हे इंजिन उलट ऊबदार फुत्कार सोडीत होते.

पुढची तपासणी क्रमाने झाली. बाजूच्या झाकणाजवळची नळी सोडली. तेथून वायू बाहेर येत नव्हता. याचा अर्थ अडथळा त्याच्याही अलीकडे, खुद्द झाकणाच्या पोटात होता. वायूबरोबर तेल ओढले जाऊ नये म्हणून त्या झाकणात तारेची जाळी भरलेली असते. झाकण उतरवून पाहिले, तो ती जाळी काळ्या राळेसारख्या गाळाने गच्च भरलेली. नंतर झडप उघडली. तिच्यात एक रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि एक सुई असते. सुई चिकटून जागच्या जागी बसली होती. रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसे, परंतु आतून तेलाने फुगून तिची पोकळी पेन्सिलीएवढीच उरली होती. आणि शेवटची गंमत अशी, की तेलाच्या झाकणातील गाळणीसुद्धा गच्च बुजलेली. थोडक्यात म्हणजे नाक, तोंड आणि घसा एकाच वेळी बंद!

तेलाच्या थेंबांचेही कोडे मग सुटले. या जुन्या इंजिनांत दंडाच्या मागच्या टोकास आजच्यासारखी रबरी सील नसे. दंडावर मळसूत्री खाच कोरलेली असे, आणि दंड फिरताना ती खाच बाहेर येऊ पाहणारे तेल पुन्हा आत लोटी. आत किंचित पोकळी असली तर ही युक्ती उत्तम चालते. आत दाब कोंडला की ती हरते आणि तेल मागे गिअरपेटीच्या घंटेच्या आकाराच्या तोंडात उतरते. तेथून ते थेंबाथेंबाने खाली गळावे म्हणून तळाशी एक भोक ठेवलेले असते आणि ते तुंबू नये म्हणून त्यात एक सैल पिन अडकवलेली असते. तेच थेंब गृहस्थाला फरशीवर दिसत होते. ते वेळीच दिसले हे त्याचे भाग्य. हे तेल क्लचप्लेटवर पोचले असते तर क्लच घसरू लागला असता. आणि एमजीबीची क्लचप्लेट बदलावयाची तर इंजिन खाली उतरवावेच लागते. टाळलेला मोठा खर्च एका नळीपायी पुन्हा दारात येऊन उभा राहिला असता.

झडपेचे धातूचे भाग पेट्रोलने धुतले, न सुटणारा गाळ उकळत्या पाण्यात बुडवून सैल केला. घासकागद मात्र हाती घेतला नाही. कारण सुईवर ओरखडा उठला तर तिचे माप बिघडते. रबरी पडदा स्पिरिटने पुसला आणि उजेडासमोर धरून त्याला चीर नाही याची खात्री केली. जाळी धुतली, ती उपटून टाकली नाही. काही घाईचे कारागीर ती काढूनच टाकतात; मग श्वास मोकळा होतो खरा, पण वायूबरोबर तेलही ओढले जाते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. नळी नवी घातली, आणि तीही तेल सोसणाऱ्या रबराची. पाण्यासाठी वापरायची साधी नळी येथे घातली तर वर्षभरात ती मऊ होते आणि हवेच्या ओढीने चपटी होऊन बसते.

राहिले झाकण. त्यासाठी मिस्त्रीने गृहस्थाला पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग जेथे मिळतात त्या मल्लिकबाजारात पाठवले. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. पाठवताना त्याने बजावले, ‘‘दिसायला सारखी झाकणे दोन मिळतील. एकाला हवेची वाट आहे, दुसरे बंद आहे. वाट असलेलेच आणा.’’ ही सूचना क्षुल्लक वाटली तरी तीत बरेच मर्म आहे. झडपेच्या इंजिनावर बंद झाकण घातले तर आतील पोकळी प्रमाणाबाहेर वाढते आणि सांध्यासांध्यांतून न गाळलेली धुळीची हवा आत शिरते. उलट पुढील काळातील काही इंजिनांना बंद झाकणच हवे असते. त्यांच्यावर उघडे झाकण बसले तर नको ती हवा आत जाऊन मिश्रण पातळ होते, मंद गतीवर इंजिन लंगडते, आणि मालक बिचारा कार्बोरेटरचे स्क्रू फिरवीत बसतो.

सर्व जोडल्यावर इंजिन पुन्हा चालवले. झाकण काढताच त्याचा स्वर चढला. झाकण लावताच उतरला. तळहाताला हलकी ओढ लागली. त्यानंतरच मिस्त्रीने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तीन सारखे निघाले, चौथा किंचित कमी. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले, तेव्हा दाब थोडा वाढला. म्हणजे तेथील रिंगा थोड्या झिजल्या होत्या. मिस्त्रीने ते लपवले नाही. ‘‘म्हातारपण आहेच, बाबू,’’ तो म्हणाला, ‘‘पण म्हातारपण वेगळे आणि गुदमरणे वेगळे. एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये.’’

हे शहाणपण केवळ याच झडपेपुरते नाही. १९६८ च्या सुमारापासून एमजीबीतील ही झडप गेली आणि श्वासनळी थेट कार्बोरेटरच्या तोंडांना जोडली गेली. तेथील सौम्य आणि स्थिर ओढीने तेच काम होऊ लागले. बिघडणारा एक भाग कमी झाला. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत मात्र नळ्यांचे जाळे वाढतच गेले. पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप आला. तो एक्झॉस्टच्या तोंडाशी ताजी हवा सोडी, म्हणजे उरलेसुरले इंधन तेथे जळे. १९७० पासून पेट्रोलच्या टाकीतील वाफ साठवणारा कोळशाचा डबा आला. टाकीचे झाकण बंद झाले, वाफ नळीने डब्यात जाऊ लागली आणि इंजिन चालू होताच ती तेथून ओढली जाऊन जळू लागली.

अशा गाड्यांचे दुखणे ओळखण्याच्याही साध्या खुणा आहेत. गाडी काही मैल चांगली धावते, मग पेट्रोल संपल्यासारखी थांबते, आणि टाकीचे झाकण उघडताच ‘हुश्श’ असा आवाज होऊन पुन्हा सुरू होते. अशा वेळी पंपाला दोष देऊ नये. टाकीकडून डब्याकडे जाणारी नळी बुजली आहे किंवा दबली आहे असे समजावे. पाय उचलताच मागे फटाके वाजू लागले, तर हवेच्या पंपाच्या जोडीला असणारी झडप किंवा तिची नळी पाहावी. आणि कोणी पूर्वी हा पंप काढून टाकला असेल, तर त्याची भोके नीट बंद केली आहेत ना, हे सर्वांआधी पाहावे. नियम एकच: नळ्या आधी, कार्बोरेटर नंतर. फुटक्या नळीतून हवा येत असता केलेली कार्बोरेटरची जुळणी म्हणजे गळक्या मापाने केलेली मोजणी.

कलकत्त्याच्या हवेत तर हे ध्यान अधिकच ठेवावे लागते. पावसाळ्यात तेथील हवेत दमटपणा भरपूर. गाडी महिन्यातून एकदा बाहेर काढावयाची आणि इंजिन पुरते तापण्यापूर्वीच परत आणावयाची, असे झाले की आतील वाफ बाहेर पडत नाही. ती तेलात मिसळते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस लोण्यासारखा पांढरट थर साचतो. तोच पुढे जाळीत जाऊन घट्ट होतो. रस्त्याकडे तोंड असलेल्या जुन्या नळीत, गाडी उभी असता, एखादी कुंभारमाशी मातीचे घरही करून ठेवते. म्हणून जुन्या गाडीस फिरवावे तर चांगले तासभर फिरवावे, तेल मैलांवर न मोजता महिन्यांवर मोजून बदलावे, आणि वर्षातून एकदा तरी या नळ्या उतरवून त्यांतून आरपार पाहावे.

त्या गृहस्थाच्या गोष्टीचा शेवट अद्याप राहिला आहे. गाडीला धुराचे प्रमाणपत्र घ्यावयाचे होते. जुन्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना उभ्या स्थितीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. पहिल्या मोजणीत काटा त्या मर्यादेच्या किंचित पुढे गेला. तेथे उभ्या असलेल्या एका हितचिंतकाने युक्ती सांगितली: इंजिनाची श्वासनळी काढून खाली रस्त्याकडे सोडा, आकडा लगेच उतरेल. युक्ती खोटी नव्हती. बरेच दिवस न बदललेल्या तेलात पेट्रोल मुरलेले असते. त्याची वाफ श्वासनळीतून इंजिनात जाते आणि मिश्रण दाट करते. नळी तोडली की ती वाफ रस्त्यावर जाते आणि यंत्राला दिसत नाही. कारण यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये खुपसलेली असते, गाडीच्या पोटाखाली ती पाहत नाही. मिस्त्रीने मान हलवली. ‘‘कागद स्वच्छ होईल, हवा नाही,’’ एवढेच तो म्हणाला. त्याने तेल बदलले, कार्बोरेटरची जुळणी पुन्हा केली, गाडी अर्धा तास फिरवून आणली. दुसऱ्या मोजणीत आकडा मर्यादेच्या आत आला, आणि नळी आपल्या जागी होती.

जुन्या मोटारींना आज समाजात जी जागा आहे ती अशाच प्रामाणिकपणावर टिकून आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००९ साली त्या महानगरातील पंधरा वर्षांहून जुनी व्यापारी वाहने रस्त्यावरून दूर झाली. त्यांत कितीतरी अ‍ॅम्बॅसॅडर टॅक्सी होत्या. २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे उत्पादनही थांबले. ज्यांनी पोटासाठी जुनी गाडी चालवली त्यांना ती सोडावी लागली, आणि ज्यांनी हौसेसाठी ठेवली त्यांना मुभा मिळाली. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी देऊ केली, आणि प्रदर्शन, मेळा, संशोधन, पेट्रोल भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच त्यांना रस्ता मोकळा ठेवला. ही सवलत आहे, आणि प्रत्येक सवलतीच्या पाठीशी एक कर्तव्य उभे असते. टॅक्सीवाल्याने जी हवा स्वच्छ राहावी म्हणून आपली गाडी सोडली, ती हवा शौकिनाने मेळ्याच्या नावाखाली मलिन करू नये. मूळ रूप राखणे म्हणजे केवळ मूळ रंग राखणे नव्हे. मूळची झडप, मूळची जाळी आणि मूळची नळी राखणे हेही त्यातच येते.

आणि आणखी एक वस्तू राखण्यासारखी आहे. पिवळ्या टॅक्सी विरळ होत चालल्या, तशी त्यांच्याखाली आयुष्य काढलेली माणसेही विरळ होत आहेत. झाकण काढून कान देणारी, तळहाताने इंजिनाचा श्वास जोखणारी ही विद्या पुस्तकात उतरते ती अर्धीच. ज्याच्या घरी जुनी गाडी असेल त्याने तिच्याबरोबर ही विद्याही पुढच्या पिढीच्या हाती द्यावी.

आपल्या पोटात निर्माण झालेला धूर शेजाऱ्याच्या दारात न सोडता आपणच पुन्हा घ्यावा आणि जाळून टाकावा, एवढाच त्या काळ्या नळीचा धर्म. हिवाळ्यातील पुढच्या मेळ्यात एखाद्या एमजीचे बॉनेट उघडे दिसले, तर चकाकणाऱ्या झाकणांवरून नजर थोडी बाजूला वळवावी. ती नळी आपल्या जागी नीट जोडलेली असेल, तर समजावे की गाडी सुस्थितीत आहे, आणि गाडीचा मालकही.